रविवारचं ऊन आणि रामदासपेठेतलं लेकरू

जानेवारीतला रविवार. रामदासपेठेत सकाळी नऊच्या सुमाराला ऊन कुठवर आलं आहे, हे पाहायला मान वर करावी लागत नाही. इमारतीखाली जिथे आजी खुर्ची टाकून बसली आहे आणि दीड वर्षाचं लेकरू तिच्या गुडघ्याला धरून उभं आहे, तिथे ऊन असतं. पंधरा मिनिटांनी ते सरकतं, मग खुर्चीही सरकते. कानटोपी ठेवायची की काढायची यावर आई आणि आजी यांचं एकमत होत नाही. बाबा संत्रं सोलतात, फोडीवरचं साल आणि बी काढून गर लेकराच्या मुठीत देतात, आणि त्यातला निम्मा स्वेटरवर सांडतो. वर स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी पडलेली असते. मोठ्यांच्या ताटलीत तर्री, धाकट्याच्या वाटीत नुसते मऊ पोहे.

ही सकाळ इतकी घरगुती आहे की तिलाही इतिहास असेल हे कुणाच्या मनात येत नाही. पण या चित्रातली एकही गोष्ट आपोआप आलेली नाही. सुट्टीचा रविवार भांडून मिळवावा लागला. उन्हात धरलेल्या बाळाची हाडं मजबूत होतात, हे सिद्ध करायला डॉक्टरांना अनेक वर्षं लागली. आणि ज्या बागेत हे कुटुंब थोड्या वेळाने जाणार आहे, ती एके काळी राजाची होती.

सुरुवात वारापासूनच करायला हवी. नागपूरच्या जुन्या वस्त्यांची नावं पाहावीत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवलेलं आणि पुढे भोसल्यांच्या हाती वाढलेलं हे शहर आठवडी बाजारांचं होतं; जिथे ज्या वारी बाजार भरे, त्या वाराचं नाव त्या वस्तीला चिकटलं. इतवार म्हणजे रविवार. जुन्या नागपूरकराला रविवार हा मालाची ने-आण करायचा, भावताव करायचा दिवस होता. विसावा मिळायचा तो सणावारी. अनेक कारागिरांच्या धंद्यांत अमावास्येला हत्यार खाली ठेवलं जाई. आठवड्यातून एक दिवस सगळ्या घराने मिळून मोकळं असणं, आणि बापाने लेकराला घेऊन सकाळभर नुसतं फिरणं, ही कल्पना त्या जगात बसत नव्हती.

ती आली गिरणीच्या भोंग्याबरोबर. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. गावोगावचे विणकर आणि मजूर घड्याळाच्या कामाला लागले. त्या काळचा कायदा काय होता, हे आज दीड-दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेतलेल्या आईबापांनी जरूर लक्षात ठेवावं. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. म्हणजे सात वर्षं पूर्ण झालेलं मूल दिवसाला नऊ तास राबवायला मोकळीक होती! त्याला महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, एवढी दया कायद्याने दाखवली. मोठ्या माणसांना ती दयाही नव्हती.

मोठ्यांच्या सुट्टीसाठी उभा राहिला तो एक मराठी माणूस. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी ही त्यांच्या मागण्यांतली पहिल्या ओळीतली मागणी होती. सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, फॅक्टरी कायदा सुधारला गेला. साप्ताहिक सुट्टी देशभरच्या कारखान्यांना लागू झाली, आणि मुलांच्या कामाचं किमान वय सातावरून नवावर गेलं. इतवारीत, टिमकीत, महालात राहणाऱ्या नागपूरच्या गिरणी कामगाराच्या घरी रविवार आला तो या वाटेने. एम्प्रेस मिल आता नाही. तिच्या जागेवर मॉल उभा आहे आणि रविवारी आईबाप लेकरांना घेऊन तिथे फिरायला जातात.

शनिवार फार उशिरा आला. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. १९५६ मध्ये राजधानीपद गेलं तरी कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ इथेच राहिलं. हे शहर नोकरदारांचं. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ पासून मिळू लागला. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून. आज ‘वीकेंड’ हा शब्द रामदासपेठेतल्या घरांत सहज बोलला जातो, पण सरकारी नोकरीतल्या आईबापांसाठी त्याचं वय त्यांच्या धाकट्या लेकराहून फार मोठं नाही.

आता ऊन. रविवार या शब्दातच सूर्य आहे, आणि बाळाला सूर्य दाखवणं हा आपल्याकडे एक संस्कार आहे. त्याचं नाव निष्क्रमण, म्हणजे बाहेर पडणं. मनुस्मृतीने त्यासाठी चौथा महिना सांगितला आहे. गृह्यसूत्रांत बापाने बाळाला बाहेर आणून सूर्याचं दर्शन घडवायचं असतं. त्याआधीचे दिवस अंधाऱ्या खोलीतले. सव्वा महिना बाळंतीण आणि बाळ आत. शेगडी, ओव्याची धुरी, तेलाचं मालीश, कढत पाण्याची अंघोळ, गालावर तीट. नजर लागू नये, वारा लागू नये, ही काळजी खरी होती, कारण तेव्हा तान्ही मुलं फार मोठ्या संख्येने दगावत. पण अंधाराची किंमतही मोजावी लागे, आणि ती कुठल्या घरांत जास्त मोजावी लागते, याचा एक चोख पुरावा महाराष्ट्रातच सापडला.

१९२२ मध्ये नाशिकच्या कामावर आधारलेला हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ पडून पाय वाकवणारा रोग. गरिबांच्या पोरांना तो जास्त होत असणार, कारण त्यांच्या ताटात दूधतूप नाही, असं कुणालाही वाटलं असतं. नाशिकला उलट दिसलं. खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या आणि मुलांना घरातच ठेवणाऱ्या कुटुंबांत मुडदूस होता. मजूर बाईचं लेकरू, जे शेताच्या बांधावर झोळीत दिवस काढत होतं, ते या रोगातून सुटलेलं होतं. ताटात जे कमी होतं, त्यातलं काही ऊन भरून काढत होतं.

या निबंधाला जगात ऐकणारे कान होते. १८९० मध्ये, म्हणजे लोखंड्यांनी रविवार मिळवला त्याच साली, थिओबाल्ड पाम नावाच्या इंग्रज डॉक्टरने ऊन आणि मुडदूस यांचं नातं मांडलं होतं. जपानमध्ये राहून आलेल्या पामला तिथे हा रोग दिसलाच नव्हता, आणि इंग्लंडच्या धुरकट शहरांत तो गल्लोगल्ली होता. त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्कीने मुडदुसाच्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून बरं केलं. त्याच सुमारास, महायुद्धाने उपाशी पडलेल्या व्हिएन्नात संशोधक हॅरिएट चिक यांनी ऊन आणि माशाचं तेल ही दोन्ही औषधं तपासून पाहिली. ‘ड’ जीवनसत्त्वाचं नाव नंतर आलं. आज रामदासपेठेतला बालरोगतज्ज्ञ आईला जेव्हा सांगतो, की ड्रॉप्स देतो आहे पण बाळाला बाहेरही न्या, तेव्हा त्याच्या त्या एका वाक्यात नाशिकच्या बांधावरची ती झोळीही असते.

नागपुरात मात्र ‘ऊन’ हा शब्द जपून वापरावा लागतो. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तोच पारा ३.५ अंशांवर उतरला. या दोन टोकांमध्ये लहान मुलाच्या बाहेर जाण्याचं वेळापत्रक बसवायचं असतं, आणि ते नागपूरच्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेलं आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळचं ऊन आपलं. मार्चमध्ये ते नऊच्या आत उरकायचं. एप्रिल-मेमध्ये दिवसभर कूलरच्या खोलीत, आणि दिवस मावळल्यावर गच्चीवर पाण्याचा सडा टाकून, गरम वाफ निघून गेली की मग सतरंजी. बाहेरगावची माणसं नागपूर म्हटलं की मे महिनाच आठवतात. पण थंडीतलं नागपूर हे लेकरं वाढवायला देशातल्या उत्तम जागांपैकी एक आहे, आणि ते मुंबई-पुण्याच्या माणसाला मोकळेपणाने सांगावं.

ऊन मिळालं, वार मिळाला, आता जागा.

नागपूरच्या बागा भोसल्यांच्या. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरांत महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी अशी त्यांच्या बागांची नावं मिळतात. शहराभोवती पाणी अडवून तलाव बांधायचे आणि पाण्याच्या आधाराने बाग करायची, ही त्या घराण्याची रीत. नागपूरचं संत्रंही याच हौसेची देणगी. भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणून ती इथे रुजवली, असं सांगितलं जातं. त्या बागा राजघराण्याच्या सुखासाठी होत्या. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. पुढे त्या बागा सरकारी झाल्या, आणि नाग नदीच्या काठची महाराजबाग हळूहळू सर्वांना खुली झाली. १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय सुरू झालं. १९०६ मध्ये शेजारीच शेतकी कॉलेज उभं राहिलं, आणि १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कॉलेज आणि बाग दोन्ही त्याच्या छत्राखाली आली.

रामदासपेठ या बागेची नदीपलीकडची शेजारीण. इथली जमीन मुळात गावाची आणि शेताची. सरकारी कागदांत आजही या भागाचा मौजा लेंड्रा आहे, आणि लेंड्रा पार्क या पत्त्यात तो जिवंत राहिला आहे. जवळच काचीपुरा, काछी म्हणजे भाजीपाला पिकवणारी माणसं. किती मोकळी होती ही बाजू? डिसेंबर १९२० मध्ये राष्ट्रीय सभेचं अधिवेशन नागपुरात भरलं, असहकाराचा ठराव तिथे पक्का झाला, आणि चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले. तो मांडव ज्या माळावर पडला, तिथे आजचं काँग्रेसनगर आहे, रामदासपेठेपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर. पुढे शहर सीताबर्डीच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकलं. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला आणि आखीव वस्त्यांना वेग आला. प्लॉट पडले. त्यावर बंगले आले, बंगल्यापुढे अंगण, अंगणात आंबा किंवा कडुनिंब, आणि लेआउटच्या पोटात एखादं मैदान.

पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानभर फिरत होते. नागपूर नगरपालिकेसाठीही त्यांनी अहवाल लिहिला. हिंदुस्थानातल्या शहरांबद्दल ते एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत राहिले: तलाव बुजवू नका, जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याच्या मागे लागू नका, आणि घरांच्या मधल्या लहान मोकळ्या जागा झाडं लावून बायकामुलांसाठी राखा. मोठ्या उद्यानापेक्षा घराजवळचा चौक आईला आणि लहान मुलाला जास्त उपयोगी पडतो, हे त्यांना दिसलं होतं. दोन वर्षांच्या मुलाची चाल माहीत असलेल्या कुणालाही ते पटेल. दर चार पावलांना ते थांबतं. मुंगी पाहतं, खडा उचलतं, तोंडात घालायला बघतं. शंभर पावलांवरची बाग त्याच्यासाठी पुष्कळ लांब असते.

म्हणूनच महाराजबागेचं महत्त्व रामदासपेठेला वेगळं आहे. नदीवरचा पूल ओलांडला की आलं. तिथे वाघ, बिबट, अस्वल, हरणं, मोर असं सगळं आहे. पण दीड वर्षाच्या पाहुण्याला बहुतेक वेळा खार आणि कावळा जास्त आवडतात, कारण ते पिंजऱ्याबाहेर असतात आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. वाघाचं त्याला कळत नाही, पण बाबांच्या खांद्यावर बसलेलं असणं कळतं. नागपुरात आज आजोबा झालेल्या कित्येकांना त्यांच्या आजोबांनी असंच खांद्यावर बसवून इथे आणलं होतं. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने या संग्रहालयाची मान्यता काढून घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जनावरांना ऐसपैस जागा हवी, हा प्राधिकरणाचा आग्रह योग्यच होता. २६ जानेवारी २०२१ ला शहराच्या वायव्येला गोरेवाड्याचं मोठं प्राणी उद्यान सुरू झालं, आणि तिथे वाघाला खरोखरीचं रान मिळालं. पण गोरेवाडा दहा वर्षांच्या मुलासाठी आहे. बसमधून तासभराची सफर होईपर्यंत दोन वर्षांचं मूल आईच्या मांडीवर झोपून जातं. त्याला पायी जाता येईल अशी बाग लागते, आणि ती महाराजबागच.

लहानग्यांना मुद्दाम घराबाहेर काढायचा एक स्वतंत्र दिवस नागपूरने वीकेंडच्या कितीतरी आधी ठरवून ठेवला आहे. तो तान्हा पोळा. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्यांचा, म्हणजे लहान मुलांचा. मोठ्यांचे बैल खरे, लहानांचे लाकडी. नागपूरच्या भोसले घराण्यात ही प्रथा दुसऱ्या रघूजींपासून सुरू झाली असं सांगतात. बैलाची ओळख मुलांना लहानपणीच व्हावी, पण खऱ्या जनावराच्या शिंगापासून ती दूर राहावीत, यासाठी लाकडाचा नंदी करून त्यांच्या हाती दोर दिला गेला. आजही भोसल्यांच्या वाड्यावरचा मोठा लाकडी नंदी त्या दिवशी सजतो.

या सणाची सारी मांडणी मुलाच्या मापाची आहे. नंदी मुठीत मावेल एवढ्यापासून मुलाच्या खांद्यापर्यंत पोचेल एवढा, चाकांच्या पाटावर बसवलेला. त्याला झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. नुकतं चालायला लागलेलं मूल दोर धरतं आणि ओढतं. नंदी उलटतो, आई सरळ करते, मूल परत ओढतं. घरोघरी जायचं. प्रत्येक दारात नंदीला ओवाळतात आणि मुलाच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. मुलाला पैशाचं काही कळत नाही, पण प्रत्येक दार त्याच्यासाठी उघडतं आहे आणि आतली माणसं त्याच्याकडे पाहून हसताहेत, हे कळतं. आपल्या गल्लीची त्याला झालेली ती पहिली ओळख. रामदासपेठ, धंतोली, धरमपेठ या वस्त्यांत आता सोसायट्यांच्या आवारात मुलं जमवून सजावटीची बक्षिसं देतात. ते ठीक आहे, पण दारोदार हिंडण्यात जे होतं ते आवारातल्या स्पर्धेत पुरतं येत नाही.

त्याच दिवशी जुन्या नागपुरात मारबती, म्हणजे पीडेचे मोठाले पुतळे, निघतात. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. गावातली रोगराई आणि पीडा घेऊन जा, असं ओरडत लोक त्यांना शहराबाहेर नेतात आणि जाळतात. एकाच दिवशी शहराच्या एका भागात रोगराईला हाकलायचं आणि दुसऱ्या भागात तान्ह्या लेकरांना नटवून रस्त्यावर आणायचं, या दोन गोष्टी शेजारी आल्या हे फार बोलकं आहे. मुलं जगवणं ही त्या काळातल्या प्रत्येक घराची पहिली चिंता होती.

त्या चिंतेला नागपूरने संस्थेचं रूपही दिलं. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ सुरू केला. स्वतः बालविधवा असलेल्या, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या कमलाताईंनी बाळंतपण अंधाऱ्या खोलीतून काढून स्वच्छ, हवेशीर जागेत आणलं. रामदासपेठेच्या शेजारी सीताबर्डीत आज मातृसेवा संघाचं रुग्णालय आहे, आणि जुन्या नागपुरातल्या असंख्य घरांत कुणी ना कुणी तिथे जन्मलेलं निघतं. विदर्भातलं दुसरं नाव ताराबाई मोडकांचं. लग्नानंतरची काही वर्षं त्या अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून १९२६ मध्ये त्यांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. बोर्डी आणि कोसबाडला त्यांनी पाहिलं, की आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत. तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिचं नाव अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि हा मराठी शब्द देशभर गेला. लहान मूल उघड्यावर, मातीत, चार मुलांत वाढतं, हा विचार त्या शब्दात आहे. आज आपल्या शहरांत अंगणवाडी आहे, पण अंगण कुठे आहे?

रामदासपेठेत ते फार थोडं उरलं आहे. बंगल्यांच्या जागी सहा-सात मजली इमारती आल्या. जिथे अंगण होतं तिथे गाड्या उभ्या असतात, आणि सकाळचं ऊन मोटारींच्या टपांवर पडतं. ही वस्ती आता दवाखान्यांची. विदर्भातून, छत्तीसगडमधून, मध्य प्रदेशातून रुग्ण येतात, त्यांचे नातेवाईक रस्त्याच्या कडेला डबा उघडून बसतात, रुग्णवाहिका दिवसरात्र धावतात. आजारी माणसाला जागा मिळायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण फुटपाथवर दुचाक्या लागल्या की बाबागाडी रस्त्यावर उतरते, आणि दोन वर्षांच्या मुलाचं बोट धरून पंचशील चौक ओलांडणं हे धाडसाचं काम होऊन बसतं.

मोकळी जमीन बांधून काढण्याचा दुसरा परिणाम २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दिसला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नाग नदी काठ सोडून घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, रामदासपेठ, सीताबर्डी इथल्या तळमजल्यांवर चिखल साचला. एरवी नाला म्हणून ज्या नदीकडे पाठ फिरवली जाते, तिच्याच नावावरून या शहराचं नाव पडलं आहे. तिला पसरायला जागा लागते. त्याच जागेवर, पाणी नसताना, लेकरं खेळू शकतात.

अजून एक ठेवा इथे शिल्लक आहे, जो मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या अशा मध्यवर्ती वस्तीजवळ आता मिळणार नाही: कृषी महाविद्यालयाची शेतं. शहराच्या ऐन मध्यावर, रामदासपेठ, बजाजनगर आणि धरमपेठेच्या मधोमध, ऋतूप्रमाणे रंग बदलणारी जमीन. भरगच्च वस्तीतल्या मुलाला नांगरलेली माती, बगळा आणि हिवाळ्यातलं सकाळचं दव तिथे रस्त्यावरूनच दाखवता येतं. या जमिनीवर अधूनमधून कुणाची ना कुणाची नजर जाते. कधी रस्त्यासाठी, कधी इमारतीसाठी. विद्यापीठाने आणि सरकारने ती हलू देऊ नये. महाराजबागेतलं एकही जुनं झाड तोडू नये. लेआउटमधलं मैदान लग्नाच्या लॉनसाठी देऊ नये. नाग नदीच्या काठावर आता भिंती नकोत, झाडं आणि पायवाटा हव्यात. रामदासपेठकरांनी हे नगरसेवकाला, प्रन्यासाला, विद्यापीठाला लेखी सांगावं, आणि एकदा सांगून थांबू नये. लोखंड्यांनाही एका अर्जात रविवार मिळाला नव्हता.

आणि तोवर एक गोष्ट कुणाचीही परवानगी न घेता करता येईल. आपल्या इमारतीखाली सकाळचं ऊन जिथे पडतं तेवढी दोन मोटारींची जागा, डिसेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी नऊ ते अकरा, लेकरांसाठी रिकामी ठेवावी.